‘ऐंशीच्या वयात ऑपरेशन कशाला?’ : खुब्याचं आणि कमरेचं फ्रॅक्चर, सोप्या भाषेत

पावसाळ्यात शेवाळलेल्या न्हाणीत आजीचा पाय घसरतो, ती कुशीवर पडते आणि उठता येत नाही. घरचे उचलून बाजेवर टाकतात. मुका मार असेल म्हणून हळद-तेल लावतात. दुसऱ्या दिवशीही पाय हलेना म्हटल्यावर तालुक्याला नेऊन फोटो काढतात. डॉक्टर सांगतात, ‘खुबा मोडलाय, लवकर ऑपरेशन करावं लागेल.’ मग दवाखान्याच्या पायरीवर बैठक बसते. पुण्याचा लेक फोनवर असतो, भावकीतले चार जण समोर असतात, आणि कुणीतरी म्हणतंच, ‘साहेब, आता हिचं काय वय राह्यलं का आपरेशनचं? भूल सोसंल का?’

प्रश्न मायेपोटीच येतो. पण उत्तर बहुतेकांना वाटतं त्याच्या उलट आहे. म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचं ऑपरेशन हाड सरळ करण्यासाठी कमी आणि माणसाला अंथरुणातून उठवण्यासाठी जास्त असतं. हे समजायचं तर आधी तिथली हाडं पाहायला हवीत.

### नेमकं काय मोडलं?

ओटीपोटाभोवती हाडांचं एक कडं असतं. मागे माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड, दोन्ही बाजूंना पसरट हाडं, आणि ती पुढे येऊन एकमेकांना जोडलेली. या कड्याला डॉक्टर पेल्व्हिस म्हणतात. कड्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरून एकेक वाटी असते. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा त्या वाटीत बसतो, तो सांधा म्हणजे खुबा. गोळा मांडीच्या हाडाला एका अरुंद भागाने जोडलेला असतो, त्याला मान म्हणतात. मानेच्या खाली हाडाचा उंचवटा असतो. उघड्या फरशीवर कुशीवर झोपलं की टोचतो तोच. त्याचं नाव ट्रोकँटर.

म्हणजे ‘कमरेचं हाड मोडलं’ म्हणताना चार वेगळ्या इजा एकाच नावाखाली येतात : मान मोडणं, ट्रोकँटरपाशी मोडणं, वाटी फुटणं आणि कडं मोडणं. पहिल्या दोन बहुतेक म्हातारपणी, साध्या पडण्याने होतात. पुढच्या दोन बहुतेक तरुणांना, गाडीच्या धडकेने किंवा उंचावरून पडून होतात. चौघींचे उपचार वेगळे आणि घाईही वेगवेगळी. खर्च विचारण्याआधी डॉक्टरांना ‘चारपैकी कोणतं?’ एवढं विचारलं तरी पुढचं निम्मं बोलणं सोपं होतं.

### चालता येतंय, मग मोडलं कसं?

मोडलेल्या खुब्याची नेहमीची खूण म्हणजे पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेलं असतं आणि टाच गादीवरून उचलत नाही. पण मानेचे दोन तुकडे एकमेकांत रुतून बसले असतील तर माणूस लंगडत का होईना, चालतो. दुखणं जांघेत असतं, कधी तर फक्त गुडघ्यात जाणवतं, आणि मग गुडघ्याचाच फोटो काढून ‘काही नाही’ म्हणून परत पाठवणी होते. बारीक चीर साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही असंही घडतं. पडल्यानंतर पाय टेकवला की जांघेत कळ येत असेल तर एमआरआय किंवा सीटी स्कॅनबद्दल जरूर विचारा. तोवर चोळू नका. रुतलेले तुकडे सुटले की सोपं प्रकरण अवघड होतं.

### सळई की नवा गोळा?

गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बहुतेक बारीक नसा मानेला चिकटून वर जातात. मान मोडून सरकली की त्या तुटतात. रक्त तुटलेला गोळा हळूहळू मरतो. शिवाय मोडलेली जागा सांध्याच्या आत असल्यामुळे बाहेरच्या हाडाभोवती जसा जुळणारा थर धरतो तसा इथे धरत नाही. म्हणून वयस्कर माणसाची मान सरकली असेल तर डॉक्टर ती जोडत बसत नाहीत. गोळा काढतात आणि धातूचा बसवतात. वाटी स्वतःचीच ठेवून फक्त गोळा बदलण्याच्या या ऑपरेशनला आपल्याकडे सगळे ‘बायपोलर’ म्हणूनच ओळखतात.

तिशी-चाळिशीतल्या माणसाची मान मोडली तर हिशोब वेगळा. तिथे स्वतःचा गोळा वाचवायची धडपड असते, म्हणून लवकरात लवकर स्क्रू घालून तुकडे घट्ट बसवतात आणि काही आठवडे त्या पायावर भार टाकू देत नाहीत. एवढं करूनही काहींचा गोळा नंतर खराब होतो, आणि ते वर्ष-दोन वर्षांनी कळू शकतं. ‘हाड जुळलंय’ असं कागदावर आलं तरी जांघेत परत दुखू लागलं तर दाखवायला जावं ते यासाठीच.

ट्रोकँटरपाशी सगळं उलट. तिथे रक्त भरपूर, भोवती मांस भरपूर, हाड जुळतंच. अडचण ही की स्नायू तुकडे ओढून धरतात आणि हाड वाकडं, आखूड जुळतं. म्हणून मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून तिच्यातून गोळ्यापर्यंत स्क्रू नेतात. याला पीएफएन म्हणतात. काही प्रकारांत पट्टी आणि सरकता स्क्रू पुरतो, त्याला डीएचएस.

आता वाटीसकट पूर्ण सांधा बदलण्याबद्दल. ‘महागाचं तेच टिकाऊ’ असं समजून काही नातेवाईक तोच मागतात. पडण्याआधी जी व्यक्ती धडधाकट चालत होती, शेतात जात होती, किंवा जिचा सांधा आधीच झिजलेला होता, तिला त्याचा फायदा होऊ शकतो. पण २०१९ साली अनेक देशांतल्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत अर्धा सांधा आणि पूर्ण सांधा यांची तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांत दुसरं ऑपरेशन लागण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक निघाला नाही. घरातल्या घरात काठी टेकत फिरणाऱ्या आजीसाठी कर्ज काढून पूर्ण सांधा बदलावा, असं मला वाटत नाही.

### वीट लावली तर जुळणार नाही का?

पूर्वी पायाला वजन बांधून, बऱ्याचदा चक्क विटा टांगून, दोन-तीन महिने झोपवून ठेवायचे. ट्रोकँटरचं हाड असं जुळायचंही, मानेचं बहुतेक वेळा नाही. पण ऐंशीच्या माणसाला दोन महिने उताणं झोपवण्याची किंमत मोठी असते. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, माकडहाडावर झोपून जखमा पडतात, लघवीत जंतू होतात, पायाच्या नसेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, आणि मांड्यांची ताकद अशी जाते की हाड जुळलं तरी माणूस उभा राहत नाही. ‘पडायचं निमित्त झालं अन् आजा गेला’ असं गावात म्हणतात, त्यातलं बरंचसं या पडून राहण्याने होतं.

ऑपरेशन केलं की सगळं ठीक, असंही कुणी सांगू नये. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण २० ते ३० टक्के माणसं वर्षभरात दगावतात, आणि हा आकडा ऑपरेशन झालेल्यांना धरून आहे. हाड मोडण्याइतकं शरीर आधीच खंगलेलं असतं. पण ऑपरेशनने उठून बसण्याची संधी मिळते आणि दुखणं कमी होतं. जो माणूस आधीपासूनच अंथरुणाला खिळलेला आहे किंवा शेवटच्या आजारात आहे, त्याच्या बाबतीत दुखणं आटोक्यात ठेवून ऑपरेशन टाळणं हाही योग्य निर्णय असू शकतो. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

ऑपरेशनची वाट पाहताना एक-दोन दिवस पायाला वजन लावल्याने दुखणं कमी होतं, याला पुरावा मिळालेला नाही. पायाखाली उशी नीट ठेवणं आणि जांघेपाशी नस बधिर करणारं इंजेक्शन यांनी जास्त आराम पडतो. ते मागायला लाजू नका.

### बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या

भरती झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, फार तर ४८ तासांत ऑपरेशन व्हावं असा साधारण दंडक आहे. रात्रीच करा म्हणून हटून बसायचं कारण नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यात भारतातलीही रुग्णालयं होती, साधारण सहा तासांत केलेलं ऑपरेशन आणि दिवसभराने केलेलं ऑपरेशन यांत मृत्यूंच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. लवकर झालेल्यांमध्ये भ्रम होण्याचं प्रमाण कमी होतं आणि ती माणसं लवकर उभी राहिली, एवढं मात्र खरं.

तेव्हा सोडियम घसरलंय, रक्त फार कमी आहे, शुगर भलतीच वाढलीय, हृदयाचे ठोके बिघडलेत, अशा गोष्टी एका दिवसात सुधारून घेण्याजोग्या असतात आणि त्यासाठी थांबणं रास्त आहे. नुसत्या टू-डी एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, नंबरसाठी चार दिवस घालवणं मात्र बहुतेक वेळा रास्त नसतं. ॲस्पिरिन चालू असेल तर ऑपरेशन थांबत नाही. वॉर्फरिनवर उतारा देता येतो. नव्या पद्धतीच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसाठी एक-दोन दिवस थांबावं लागू शकतं. म्हणून गोळ्यांची चिठ्ठी, ती नसेल तर रिकामी पाकिटं, पिशवीत टाकूनच निघा.

आणि भूल? कमरेतून दिलेली भूल सुरक्षित आणि पूर्ण भूल घातक, अशी समजूत पक्की आहे. २०२१ च्या एका मोठ्या चाचणीत खुब्याच्या रुग्णांमध्ये या दोन्हींचा निकाल सारखाच निघाला. कोणती द्यायची ते भूलतज्ज्ञांवर सोडा.

### दुसऱ्याच दिवशी उभं करतात, टाके तुटणार नाहीत?

नाही. वयस्कर माणसाच्या ऑपरेशनचा सगळा बेतच असा आखलेला असतो की दुसऱ्या दिवशी वॉकर धरून भार टाकता यावा. डॉक्टरांनी मुद्दाम मनाई केली नसेल तर ‘आराम करू द्या तिला’ म्हणणारे नातेवाईक तिचं नुकसानच करतात.

रात्री आजी बडबडायला लागते, ओळखत नाही, सलाईन ओढून काढते. कुणी नजर लागली म्हणतं, कुणी बाहेरचं. हा भ्रम असतो आणि त्याची कारणं शोधता येतात : सोडियम, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, न शमलेलं दुखणं, उडालेली झोप. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी राहिलेलं असणं हेही कारण असतं. ओळखीचा माणूस उशाशी बसवा आणि डॉक्टरांना कळवा.

जेवणाचं तर आपण उलटंच करतो. डाळीने पू होतो म्हणून वरण बंद, दही बंद, आणि आजी कण्यांवर. जखम भरायला आणि स्नायू टिकायला प्रथिनंच लागतात. माळकरी घरात अंडं चालत नसेल तर दूध, दही, घट्ट वरण, शेंगदाण्याचं कूट चालतं ना? गुठळी होऊ नये म्हणून दिलेली इंजेक्शनं किंवा गोळ्या घरी आल्यावरही साधारण महिनाभर चालतात. पाय दुखायचा थांबला म्हणून त्या बंद करू नका.

### मांडी घालून बसता येईल?

सळई घातली असेल तर हाड जुळल्यावर, म्हणजे साधारण तीन-चार महिन्यांनी, बऱ्याच जणांना जमतं. गोळा बदलला असेल तर सुरुवातीचे दीड ते तीन महिने पथ्य कडक असतं : खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कुशीवर वळताना दोन मांड्यांमध्ये उशी. उकिडवं बसणं पुढेही टाळायलाच सांगतात, कारण गोळा वाटीतून निसटू शकतो. त्यामुळे घरी आणण्याआधी कमोडची खुर्ची आणि बाजेऐवजी उंच, घट्ट पलंग यांची सोय करा. सैल बाजेत माणूस खोल बसतो आणि उठताना नेमका तोच कोन होतो.

### कडं मोडलं तर पहिला तास रक्ताचा

दिवाळीनंतर मराठवाड्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला, आणि अंधारात मोटारसायकल थेट त्यावर. पेल्व्हिसच्या गंभीर इजा अशा धडकेत होतात. विहिरीत पडून, ट्रॅक्टर उलटून होतात.

काचेची बांगडी दाबली तर ती सहसा एकाच जागी फुटत नाही, दोन ठिकाणी तडकते. कड्याचंही तसंच. फोटोत पुढे एक चीर दिसली की डॉक्टर मागची शोधतात, आणि त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. कड्याच्या आतून मोठ्या नसा जातात. कडं उघडलं की आत दोन-तीन लिटर रक्त साठू शकतं, आणि मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्त असतं साधारण पाच लिटर. बाहेर थेंबही दिसत नाही. ‘काही लागलं नाही, नुसता पांढरा पडलाय’ असा माणूस सगळ्यात धोक्यात असतो.

रस्त्यावर करण्यासारखं थोडंच, पण मोलाचं. त्याला उभं करू नका, काळी-पिवळीत बसवून नेऊ नका, कंबर हलवून ‘दुखतंय का’ पाहू नका. १०८ ला फोन करा. धोतराची किंवा चादरीची रुंद घडी दोन्ही ट्रोकँटरच्या उंचवट्यांवरून घट्ट आवळा. पोटावरून नव्हे, लोक नेमकी तिथे चुकतात. गुडघे आणि घोटे जवळ बांधा. रुग्णालयात ट्रॅनेक्झामिक ॲसिड नावाचं स्वस्त इंजेक्शन देतात. वीस हजारांवर जखमींच्या चाचणीतून २०१० साली त्याचा उपयोग सिद्ध झाला, मात्र ते पहिल्या तीन तासांत पडायला हवं. लघवीच्या जागेतून रक्त दिसलं तर नळी जबरदस्तीने घालायची नसते, मूत्रमार्ग फाटलेला असू शकतो.

जीव स्थिर झाला की हाडाचं पाहतात. बाहेरून सळ्यांची चौकट, मग लागल्यास आतून पट्ट्या आणि स्क्रू. पण कड्याच्या बऱ्याच इजा स्थिर असतात आणि त्यांना ऑपरेशन लागतच नाही. म्हाताऱ्या माणसाला पडून कड्याच्या पुढच्या भागात चीर गेली असेल तर वेदनाशामक गोळ्या आणि वॉकर एवढ्यावर ते उठतं. ‘शेजारच्या काकूंचं बिनऑपरेशनचं बरं झालं, मग आमच्याच आईला का सांगता?’ याचं उत्तर बहुधा इथे असतं. काकूंचं कडं होतं, आईची मान आहे.

### वाटी फुटली तर

जीपमध्ये पुढे बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आदळतो, आणि मांडीचा गोळा वाटीची मागची कड फोडून बाहेर निसटतो. इथे पाऊल आत वळलेलं असतं, खुबा मोडल्यावर दिसतं त्याच्या उलट. निसटलेला गोळा भूल देऊन शक्यतो सहा तासांच्या आत जागेवर बसवायला हवा. उशीर झाला तर गोळ्याचं रक्त जातं आणि मागची मोठी शीर (रक्ताची नव्हे, मज्जातंतूची) दबून पाऊल लुळं पडू शकतं.

गोळा बसला की फुटलेल्या वाटीसाठी मात्र काही दिवस थांबलेलं चालतं. बऱ्याचदा थांबावंच लागतं. हे ऑपरेशन अवघड असतं आणि सगळेच हाडांचे डॉक्टर ते करत नाहीत. छत्रपती संभाजीनगर, सोलापूर किंवा हैदराबाद गाठावं लागलं तर शांत डोक्याने गाठा, फक्त तीन आठवडे उलटू देऊ नका. तोवर तुकडे वेडेवाकडे जुळायला लागतात.

### हाडवैद्य?

मनगटाची, घोट्याची न सरकलेली चीर बांबूच्या कामट्या बांधूनही जुळते, कारण ती तशीही जुळणारच असते. हाडवैद्यांचं नाव त्यातून होतं. खुबा खोल मांसात असतो. तो बाहेरून दाबून जागेवर येत नाही आणि ओढाओढीत रक्ताच्या उरल्यासुरल्या नसाही जातात. पाला बांधून महिना गेल्यावर आलेल्या रुग्णाचं ऑपरेशन तेच असलं तरी निकाल तसा येत नाही.

### पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता रेशनकार्डावर सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कोणतं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात बसतं हे दवाखान्यात योजनेसाठी बसणाऱ्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, विचारा, आणि भरती होतानाच विचारा. छत्रपती संभाजीनगर (घाटी), अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हाडांचे विभाग आहेत.

### दुसरा खुबा

उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला, तर हाड आधीच ठिसूळ होतं असं धरायचं. त्यासाठी वेगळी तपासणी होईपर्यंत थांबायची गरज नसते. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पण ठिसूळपणावर औषध कुणी दिलंच नाही, असं सर्रास होतं आणि मग दुसरा खुबा मोडतो. कॅल्शियमच्या गोळ्या एकट्या पुरत नाहीत. ड जीवनसत्त्व भरून काढून वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन आहे. खुबा मोडल्यानंतर तीन महिन्यांच्या आत ते दिलेल्या रुग्णांच्या चाचणीत नवी फ्रॅक्चर साधारण एक तृतीयांशाने कमी झाली होती आणि मृत्यूही कमी. आधी मूत्रपिंडाची तपासणी करतात. दात काढायचे असतील तर तेही आधी सांगा.

मराठवाड्यात यात आणखी एक गोष्ट मिसळते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय राज्यभर गाजला. फडावर पाळीची अडचण नको, अंगावर जातंय, कॅन्सरची भीती घातली, अशा कारणांनी तिशीतच पिशवी काढलेल्या बाया गावोगाव आहेत. पिशवीबरोबर अंडाशय काढली असतील तर पाळी जाण्याबरोबर हाडांचं संरक्षण करणारा इस्ट्रोजेनही त्याच दिवशी जातो. अंडाशय ठेवली तरी काही जणींची ती लवकर थकतात. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या या बायांची हाडं सत्तरीची वाट पाहणार नाहीत, असं मला वाटतं. घरात अशी आई, मावशी, जाऊ असेल तर जुना डिस्चार्जचा कागद शोधून अंडाशय काढली होती का ते पाहा, आणि पडायच्या आधीच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचारा.